मुलांच्या हातातलं माप काढून घेऊ नका

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद

विषय : पहिली ते तिसरीचा 'मापाचा तास' बंद करण्याच्या सूचनेबाबत

महोदय,
सविनय नमस्कार.

आमच्या जिल्ह्याचं, तालुक्याचं आणि शाळेचं नाव या पत्रात मी मुद्दाम लिहिलेलं नाही. तुम्हाला ते लगेच कळेल. बाकीच्यांना कळून फायदा नाही, आणि तोटा झालाच तर आमच्या बाईंना होईल. हे पत्र बाईंनी लिहायला सांगितलेलं नाही. 'ताई, राहू द्या, कशाला वाढवता,' असंच त्या म्हणाल्या. मी गावात खाणावळ चालवते. माझी धाकटी दुसरीत आहे. शाळा व्यवस्थापन समितीवर पालकांमधून माझी निवड झालेली आहे. या तिन्ही नात्यांनी लिहिते आहे.

गेल्या महिन्यात तालुक्याच्या कार्यालयातून शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप आला. वर्गात खाद्यपदार्थ बनवण्याचे उपक्रम ताबडतोब थांबवावेत, मुलांना स्वयंपाकगृहाच्या आसपास नेऊ नये, मापन हा घटक कार्यपुस्तिकेतून पूर्ण करावा आणि पानांचे फोटो पाठवावेत. त्यावर जावक क्रमांक नाही, सही नाही, कारण नाही. बाईंनी फोन करून विचारलं तर 'वरून आलंय' एवढंच उत्तर मिळालं. वर म्हणजे कोण, ते मी तुम्हाला विचारते आहे.

ज्यांना आमच्या शाळेचं काही माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमची शाळा दोनशिक्षकी. २०२४ मध्ये शासनानेच 'आनंददायी शनिवार' आणला. त्यातल्या एका तासाला बाई पहिली ते तिसरीच्या मुलांना एकत्र बसवून काहीतरी खाण्याचं करायला लावतात. लिंबाचं सरबत, भेळ, काकडीची कोशिंबीर, शेंगदाण्याचे लाडू. विस्तव नाही, सुरी नाही. काकडी बाई स्वतः चोचवतात, कूट मी घरून करून देते. मुलांनी फक्त मोजायचं, ओतायचं, कालवायचं आणि खायचं. मुलांनी या तासाचं नाव 'मापाचा तास' ठेवलं.

सरबताच्या तासाला मी स्वतः हजर होते. दोन गट केले होते. दोघांनाही सांगितलं होतं : एक लिंबू, दोन पेले पाणी, चार चमचे साखर. एका गटाकडे माझ्या खाणावळीतला वाढायचा चमचा होता, दुसऱ्याकडे कुणाच्या तरी डब्यातला इवलासा. एकाचं सरबत पाकासारखं गोड झालं, दुसऱ्याचं पिऊन पोरांचे डोळे मिटले. मग भांडण. 'आम्ही पण चारच घातले!' बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी औषधाच्या बाटलीचं रेघा असलेलं टोपण पुढे केलं, ज्यावर ५ मिलीची खूण असते. मुलांनी दोन्ही चमच्यांनी पाणी ओतून पाहिलं. मोठा चमचा टोपणाबाहेर सांडला, छोटा खुणेपर्यंत पोचेना. तिसरीतल्या एका पोरानं विचारलं, 'मग खरा चमचा कुठला?'

साहेब, हा प्रश्न त्या पोराच्या आधी या देशालाही पडला होता. शेर इथे एक, तिथे दुसरा, आणि मधल्यामध्ये शेतकरी बुडायचा. म्हणून १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून किलो-ग्रॅम बाजारात आले. हे मी पोरांना सांगितलं असतं तर ती जांभया देत बसली असती. त्यांना ते आंबट सरबतावरून कळलं.

त्याच्या पुढच्या वेळी गावातले एक आजोबा माळ्यावरची पायली घेऊन शाळेत आले. आणखी दोन घरांतून चिपटं आणि मापटं आलं. पोरांनी तांदूळ भरभरून पाहिले : दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. निम्मे, निम्म्याचे निम्मे, त्याचेही निम्मे. आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे म्हणून दाखवले. अडीचकीपर्यंत येता येता दम लागला म्हणून थांबले. गंमत म्हणजे एका घरचं मापटं आणि दुसऱ्या घरचं मापटं सारखं भरेना. त्यावर वर्गात जी वादावादी झाली तिला मी तरी गणित म्हणते. तुमच्या कार्यपुस्तिकेत तिच्यासाठी चौकट नसेल.

दिवाळीआधी बाईंनी बेकरीवाल्याला विचारून मुलांना नानकटाई करायला नेलं. आमच्याकडे अजूनही लोक घरचं सामान घेऊन बेकरीत जातात आणि किलोवर मजुरी देऊन भाजून आणतात. दोन वाट्या मैद्याला एक वाटी तूप आणि एक वाटी पिठीसाखर, हे प्रमाण पोरांनी आधी वाटीनं मोजलं आणि मग बेकरीतल्या काट्यावर ठेवलं. वाटीभर मैदा आणि वाटीभर तूप काट्यावर सारखं दिसेना, तेव्हा पोरांना वाटलं काटा बिघडलाय. बेकरीवाल्यानं दुसऱ्या काट्यावर ठेवून दाखवलं. वाटी सांगते किती जागा भरली, काटा सांगतो किती भार झाला. हा फरक आठ-नऊ वर्षांच्या पोराला समजणं सोपं नसतं. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं दाखवलंय की तेच पाणी रुंद पेल्यातून उंच पेल्यात ओतलं तर साधारण सात वर्षांखालच्या मुलांना ते वाढल्यासारखं वाटतं. मी हे बाईंकडून ऐकलं आणि घरी करून पाहिलं. धाकटी आधी उंच पेल्याकडेच बोट दाखवायची. आता ती म्हणते, 'ओतून बघू.' भट्टीपासून मुलं लांब उभी होती आणि ट्रे बेकरीवाल्यानंच काढले, हेही सांगते, म्हणजे त्यावरून नवीन निरोप यायला नको.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, पद्धतीची. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेत काय चालावं यावर समितीनं लक्ष ठेवावं, असं कायदा म्हणतो. मग जो उपक्रम समितीच्या बैठकीत ठराव करून सुरू झाला, तो बंद करताना समितीला साधं विचारलंही का नाही? चार ओळींच्या निरोपानं ठराव रद्द होत असेल तर आम्हाला बैठकीला बोलावून सह्या तरी का घेता?

दुसरी, सुरक्षेची. फोनवर 'मुलांच्या जिवाला धोका' असं एक कारण बाईंच्या कानावर आलं. मी ते हसण्यावारी नेणार नाही. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत आग लागली आणि ९४ मुलं गेली. सुरुवात स्वयंपाकघरातून झाली आणि वरचं छप्पर झावळ्यांनी शाकारलेलं होतं. बरोबर नऊ वर्षांनी, १६ जुलै २०१३ ला, बिहारमध्ये गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं दगावली, कारण तेलात कीटकनाशक होतं. या दोन्ही ठिकाणी मुलांनी काय केलं होतं? ती वर्गात बसली होती, आणि वाढलेलं जेवली होती. छप्पर, दार, कीटकनाशकाचा डबा, तेलाची तपासणी ही सगळी मोठ्यांची कामं होती. कुंभकोणमनंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळांमध्ये आग विझवण्याची साधनं असावीत आणि शिक्षकांना ती वापरता यावीत असं बजावलं. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक लाल नळकांडं टांगलेलं आहे. त्याची मुदत केव्हाच संपली. भरून मिळावं म्हणून समितीनं अर्ज दिला, त्याचं उत्तर आलेलं नाही. थंड सरबत मात्र एका निरोपात थांबलं.

तिसरी, कार्यपुस्तिकेची. मी ती पानं पाहिली. एका पानावर दुधाची पिशवी, पाण्याची बाटली आणि बादली काढली आहे; तिन्ही चित्रं एवढीच, बोटभर उंचीची. खाली प्रश्न : कशात जास्त मावेल? माझ्या धाकटीनं बादलीला गोल केला, कारण तिनं बादली पाहिलेली आहे. चित्रानं तिला काय शिकवलं? आणि गोल चुकला असता तरी तिला ते कधी कळलं असतं? वही तपासून परत येईल तेव्हा. मीठ जास्त पडलेली कोशिंबीर पहिल्याच घासाला सांगते. मापाच्या तासाला उत्तर तपासायला बाई लागत नाहीत, पोरं स्वतःच तपासतात आणि पुढच्या वेळी स्वतःच दुरुस्त करतात. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे. बाकीचे मुद्दे तुम्ही खोडलेत तरी चालेल.

कुणी म्हणेल, निपुण भारतच्या चाचणीत मुलं मागे पडतील. ते अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं ते तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि आकडेमोड करता यावी म्हणून. पायाभूत स्तरासाठी २०२२ मध्ये जो राष्ट्रीय आराखडा आला तोही लहान मुलांनी खेळातून, हातानं करून शिकावं असंच सांगतो. तुमच्याच प्रशिक्षणात बाईंनी हे ऐकलं, परत येऊन केलं, आणि आता बंद करायला सांगितलं जातंय.

चौथी तक्रार छोटी आहे पण मला तीच जास्त लागली. शाळेत मोजमापाचं साहित्य आलेलं आहे. तराजू आहे, वजनं आहेत, लिटरची आणि अर्ध्या लिटरची मापं आहेत. सगळं कपाटात, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट. खराब झालं तर भरपाई कोण देणार, या धास्तीनं कुणी बाहेर काढत नाही, आणि तपासणीला कुणी आलं की मोजून पुन्हा आत ठेवतात. म्हणून तर बाईंना माझ्या खाणावळीतली भांडी मागावी लागली. शाळेतलं लिटरचं माप जुनं झालं, चेपलं, त्याचा रंग उडाला तर तुमच्या कार्यालयानं शाबासकी द्यायला हवी.

पाचवी गोष्ट तक्रार म्हणून कागदावर कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. दोन-तीन पालक बोलत होते. एकाचं म्हणणं, पोराला चूल शिकवायला शाळेत घातलंय का? त्यांना मी एवढंच म्हणाले की गावच्या लग्नाला पाचशे पानांचा स्वयंपाक करणारा आचारी पुरुषच असतो, आणि माणशी किती तांदूळ, किती डाळ ते तो कागद न घेता सांगतो. दुसरं बोलणं दबक्या आवाजातलं होतं : कुणाच्या हातचं कुणाच्या पोरानं खाल्लं. तुमच्याकडे पोचलेली तक्रार यातली असेल आणि तिला 'सुरक्षा' हे नाव मिळालं असेल, तर ते मला मान्य नाही. एका पातेल्यात सगळ्यांनी मिळून केलेली भेळ सगळ्यांनी खाल्ली, यात थांबवण्यासारखं काही नव्हतं. एखाद्याला ते खुपलं असेल तर कार्यालयानं त्याला समजवायचं होतं.

आणि तांदूळ. मुलांना स्वयंपाकगृहाच्या आसपास नेऊ नये, असं तुमच्या निरोपात आहे. चुलीपाशी नेऊ नये हे मला पटतं. पण बाई मुलांना चुलीपाशी नेतच नव्हत्या. तिसरीची मुलं सकाळची हजेरी झाली की फळ्यावर हिशेब मांडायची. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, हे पोषण आहाराचं ठरलेलं प्रमाण. हजर ३८, तर तांदूळ ३ किलो ८०० ग्रॅम, डाळ ७६० ग्रॅम. मग स्वयंपाकीण मावशी काढून ठेवायच्या ते काट्यावर ठेवून बघायचं. चार ओळींचं गणित, रोज बदलणारं, आणि उत्तर ताटात. याहून चांगलं उदाहरण मला तरी कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. मुलांना धान्य मोजता येणं कुणाला अडचणीचं वाटत असेल असं मी म्हणत नाही. कुणाच्याच अडचणीची ती गोष्ट नसावी, एवढंच म्हणते.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आमच्या आशाताई एका शनिवारी जलसंजीवनी करून दाखवायला आल्या होत्या. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. यातला 'सपाट' फार महत्त्वाचा आहे. पोरं आधी शिगोशीग चमचे भरत होती. आशाताईंनी पट्टीनं वरचा ढीग खाली पाडून दाखवला, आणि तो वेगळा मोजला तर जवळजवळ आणखी एक चमचा भरला. जुलाब झालेल्या लहान बाळाला मीठ जास्त गेलं तर पाजलेलं पाणीच अपाय करतं, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी (कॉलरा) पसरली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाण्यात घालून पाजलं आणि हजारो जीव वाचले. त्यात भारी औषध नव्हतं, प्रमाण होतं. आमच्या गावात ज्या घरात आई-बाप ऊसतोडीला गेलेले असतात, तिथे धाकट्या भावंडाला पाणी पाजायला कधी कधी दहा वर्षांची बहीणच असते. तिला सपाट चमचा माहीत असावा की नसावा, हे तुम्ही ठरवा.

हे काही आम्ही नवीन काढलेलं खूळ नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला हातानं काम करत शिकण्याचा विचार देशापुढे मांडला गेला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला लहान मुलांच्या अवतीभवतीच्याच वस्तूंतून शिक्षण उभं केलं. त्यांच्याच महाराष्ट्रात आम्ही वाटी-चमच्यासाठी परवानगी मागतोय.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. निरोप मागे घ्यावा. घ्यायचा नसेल तर कारणांसह, सही आणि जावक क्रमांक असलेला लेखी आदेश द्यावा, म्हणजे आम्हाला त्यावर रीतसर बोलता येईल.

२. पहिली ते तिसरीसाठी विस्तवाशिवायचे उपक्रम चालू राहू द्यावेत. त्यासाठी नियम घालावेत : हात धुणं, झाकलेलं स्वच्छ पाणी, शेंगदाणे किंवा दूध ज्यांना चालत नाही त्यांची यादी, धारदार काहीही मोठ्यांच्याच हातात, एका वेळी किती मुलं. हे नियम आम्ही पाळत होतोच. लिहून मिळाले तर जास्त बरं.

३. आग विझवण्याचं नळकांडं भरून द्यावं आणि दोन्ही शिक्षकांना व स्वयंपाकीण मावशींना ते वापरायला शिकवावं. ही मागणी वरच्या दोन्हींवर अवलंबून नाही. ती आधी करा.

४. मोजमापाचं साहित्य वापरात झिजलं किंवा मोडलं तर शिक्षकाकडून भरपाई मागितली जाणार नाही, असं लेखी कळवावं.

५. रोजच्या धान्याचा फळ्यावरचा हिशेब मुलांकडूनच चालू ठेवावा, आणि काटा स्वयंपाकगृहाच्या दाराबाहेर ठेवावा.

यात पैसे फक्त तिसऱ्या मागणीला लागतात. खाणावळीची भांडी मी देतच राहीन.

समितीची पुढची बैठक महिनाअखेरीस आहे. तोवर आपलं उत्तर आलं तर ते बैठकीत वाचून दाखवू. आलं नाही तर उपक्रम पूर्ववत सुरू करण्याचा ठराव मी मांडणार आहे, आणि त्याची जबाबदारी बाईंवर नसून समितीवर आहे असं इतिवृत्तात लिहून घेणार आहे. आपण स्वतः एखाद्या शनिवारी आलात तर फारच उत्तम. मुलं तुम्हाला सरबत देतील. चमचा तुम्ही आणा, ती तो आधी मोजून घेतील.

आपली विश्वासू,
एक पालक व सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती

प्रत माहितीसाठी :
मा. गटशिक्षणाधिकारी
मा. सरपंच
शाळेचे सर्व पालक